काका, तुमची सगळ्यात भारी राइड कुठली?

पुण्याच्या एका तरुण रायडरने विचारलंय, काका तुम्ही इंग्लंडात चाळीसेक वर्षं टाइम ट्रायल (टीटी, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकेकट्याने मारायची रेस) मारल्या, तर सगळ्यात अभिमानाची आठवण कुठली, २५ मैलांचा पीबी, म्हणजे स्वतःचा बेस्ट टाइम, किती, आणि मला ४० किलोमीटरसाठी काही सांगाल का. पीबीचं आधी संपवतो. ५५ मिनिटं १२ सेकंद, ऑगस्ट १९९६, वय ४८. आता खरं सांगायचं तर त्या राइडचा मला फारसा अभिमान नाही, का नाही ते पुढे येईलच, पण टीटीमधला कागदावरचा टाइम हा बराचसा रस्त्याचा, हवेचा आणि खिशाचा असतो, आणि ज्या राइड्स मी अजूनही झोप येत नसली की मनातल्या मनात पुन्हा मारतो त्यातली एकही माझ्या फास्टेस्ट यादीत नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात वाढलो, फिटरचं काम शिकलो आणि १९७१ ला ब्रॅडफर्डच्या एका लोकरीच्या मिलमध्ये लागलो. सायकल तेव्हा फक्त कामावर जायला, बसचे पैसे वाचतात म्हणून. आपल्याकडे सायकल रेस म्हटली की मुंबई-पुणे, बोरघाट, घाटाचा राजा, म्हणजे घोळका सुटणार आणि पहिला पोचेल तो जिंकणार. इकडे बघतो तर रविवारी पहाटे सहाला रस्त्याच्या कडेला माणसं एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतायत, एकेकटी जातायत, साडेबारा मैलांवरून वळून परत येतायत, गावच्या हॉलमध्ये चहा पितायत आणि बोर्डावर टाइम बघून घरी जातायत. बघायला कुणी नाही. मला वाटलं ही कसली रेस. मिलमधला एक ओव्हरलुकर, म्हणजे मुकादम, जुना टेस्टर होता (टीटीवाल्यांना इकडे टेस्टर म्हणतात), त्याने मला ओढून नेलं आणि मग मी कधी अडकलो कळलंच नाही.

या सगळ्या प्रकाराला कारण आहे. १८९० च्या सुमाराला इथल्या सायकल युनियनने रस्त्यावर घोळक्याने रेस करायला मनाई केली, पोलीस आणि घोडागाडीवाले आधीच वैतागलेले, उद्या सायकललाच रस्त्यावरून हाकलतील अशी भीती होती. तेव्हा बिडलेक नावाच्या गृहस्थाने तोड काढली की एकेकाला सोडा, घड्याळ लावा, म्हणजे बघणाऱ्याला रेस चाललीय हेच कळणार नाही. ५ ऑक्टोबर १८९५ ला नॉर्थ रोड क्लबने अशी ५० मैलांची पहिली घेतली. मग काळे कपडे, मानेपासून घोट्यापर्यंत, पहाटेची वेळ, आणि कोर्सला गावाचं नाव न देता कोड. ते कोड अजून आहेत, यॉर्कशायरचे बहुतेक व्ही ने सुरू होतात, हलजवळचा ए-६३ वरचा दहा मैलांचा व्ही ७१८ तर प्रसिद्धच आहे. घोळक्याची रेस इकडे परत सुरू व्हायला १९४२ उजाडलं, पर्सी स्टॅलर्डने लॅनगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन रेस घेतली आणि त्याबद्दल युनियनने त्याला सस्पेंड केलं. तर जवळपास पन्नास वर्षं इंग्लंडात रस्त्यावरची रेस म्हणजे टीटीच, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांच्या हाडात ती मुरलीय.

आता पहिली आठवण. १९७७, माझा पहिला तासाच्या आतला ट्वेंटीफाइव्ह. २५ मैल म्हणजे ४०.२ किलोमीटर, ते तासाच्या आत मारणं ही तेव्हा क्लब रायडरची मॅट्रिक होती, त्याशिवाय चहाच्या टेबलावर कुणी तुम्हाला धरत नसे. पुढच्याच वर्षी आल्फ एंगर्सने ४९ मिनिटं २४ सेकंदात मारून दाखवला, पन्नासच्या आत पहिलाच माणूस, आणि तो धंद्याने केक-पेस्ट्री बनवणारा. पण ते वेगळे लोक. आम्ही ६१, ६२ मध्ये घुटमळणारे.

माझी सायकल रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या नळ्यांची सेकंडहँड फ्रेम, फिक्स्ड, पुढे ४८ दाते मागे १५, म्हणजे ८६ इंचाचा गिअर (८६ इंच व्यासाचं चाक थेट पायाने फिरवल्यासारखं). फिक्स्ड म्हणजे फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, राउंडअबाउटला वळताना आतलं पेडल जमिनीला लागेल का ही धाकधूक असते कारण पाय थांबवताच येत नाही. ८६ इंचावर तासाला २५ मैल हवे असतील तर पाय मिनिटाला ९७ फिरले पाहिजेत. हे गणित मला पाठ होतं. घड्याळ म्हणून स्टेमला गावाकडून आणलेलं एचएमटी बांधलेलं, पट्टा दोनदा गुंडाळून. आणि इकडची एक सोय बघ, इव्हेंट सहाला सुरू झाली तर १ नंबर ६:०१ ला सुटतो, १० नंबर ६:१० ला. माझा नंबर ४३. म्हणजे ६:४३ ला सुटायचं आणि ७:४३ च्या आत यायचं, डोकं चालवायची गरजच नाही.

कोर्स यॉर्कच्या बाजूचा, साधा सिंगल रोड, झाडं कमी, जाताना वारा थेट तोंडावर. लाइनवर एक म्हातारा सीट धरून उभा, त्याला पुशर-ऑफ म्हणतात पण नियमाने ढकलायचं नाही, फक्त सरळ धरायचं आणि सोडायचं. तेव्हा पायाला टो-क्लिप आणि चामडी पट्टे, ते वाकून आवळायचे, आणि आवळले की आपण त्या माणसाच्या हातात. टाइमकीपर शांतपणे तीस सेकंद, दहा, पाच चार तीन दोन एक. गेलो.

वाऱ्यात सगळे काय करतात, तर जाताना जपून मारतात आणि म्हणतात येताना वारा मागून आहे, तेव्हा भरून काढू. ते भरून निघत नाही रे. वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, परतीच्या वाटेवर कमी वेळ असता, म्हणजे उलट वाऱ्यात थोडं जास्त जोर लावला तर मिनिटामागे जास्त फायदा, आणि येताना मागून वारा असताना तेवढीच जादा ताकद लावून फार काही हाती लागत नाही. हे मला त्या ओव्हरलुकरने मिलच्या कँटीनमध्ये सिगरेटच्या पाकिटावर आकडे मांडून समजावलं होतं. त्या दिवशी मी तेच केलं. टर्नला मार्शल ओरडला आणि एचएमटीत बघितलं तर ७:१४ वाजून ५० सेकंद, म्हणजे ३१:५० लागली होती. दुप्पट केलं तर चौसष्टच्या जवळ जातं. पण पाय अजून होते, आणि वळल्याबरोबर कानातला वाऱ्याचा आवाजच बंद झाला. मग पाय ९७ नाही, १०५ च्या आसपास फिरत होते, फिक्स्डवर ते कमी करायचं म्हटलं तरी करता येत नाही, सायकलच तुम्हाला फिरवते. शेवटच्या दोन मैलात तोंडाला पितळेची चव. टाइमकीपरला नंबर ओरडून सांगायचा असतो, मी ‘फॉर्टीथ्री’ ओरडायला गेलो आणि ‘त्रेचाळीस’ बाहेर पडलं.

५९:४१. त्या दिवशी जिंकणाऱ्याने ५७ च्या वर लावली होती, एवढा वारा होता. नेहमी माझ्या पुढे असणारे तीन-चार जण त्या दिवशी साठच्या बाहेर. म्हणून ती राइड मला पीबीपेक्षा मोठी वाटते, कारण त्या हवेत तो टाइम फुकट मिळत नव्हता.

आता तो पीबी. १९८९ ला टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरच्या टीटीमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने फ्रान्सच्या फिन्याँकडून ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँडकडे ट्राय-बार, डोक्याला निमुळतं हेल्मेट, फिन्याँ साध्या हँडलवर, शेंडी वाऱ्यावर. ट्राय-बार ट्रायथलॉनवाल्यांकडे आधीपासून होते पण त्या दिवसानंतर जगाला कळलं. पुढच्या सीझनला आमच्या क्लबच्या ‘टेन’लासुद्धा (दहा मैलांच्या टीटीला) प्रत्येकाच्या सायकलला कोपर टेकायचे बार. मग १९९२ ला इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने लोटसच्या काळ्या सायकलवर बार्सिलोना ऑलिम्पिकला गोल्ड मारलं, ९३ च्या जुलैत ऑब्री नावाच्या स्कॉटिश अवलियाने स्वतः बनवलेल्या सायकलवर, जिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग होते, तासात ५१.५९६ किलोमीटर काढले आणि आठवडाभरात बोर्डमनने ५२.२७० करून तो मोडला. दोघंही आमच्यासारखेच रविवारच्या पहाटेच्या टीटीमधून वर आलेले. काय दिवस होते.

मीही मग कर्ज काढल्यासारखं करून डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी सपाट तबकडीचं चाक) घेतलं, बार लावले, आणि १९९६ ला ड्युअल कॅरेजवेवरच्या (दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावरच्या) एका फास्ट कोर्सला गेलो. दुपारची इव्हेंट, चांगलं गरम, हवेचा दाब कमी, पान हलत नाही. टेस्टर लोक याला फ्लोट डे म्हणतात आणि अशा दिवसासाठी तीनशे मैल गाडी चालवत येतात. ताशी ४० किलोमीटरच्या स्पीडला सपाटीवर तुमची ८०-९० टक्के ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि ५ डिग्रीची हवा व २५ डिग्रीची हवा यांच्या घनतेत जवळपास ७ टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे ट्वेंटीफाइव्हला काही न करता मिनिटभर सुटलं. त्यात शेजारून ट्रक चाललेत, प्रत्येक ट्रक आपली हवा ओढत नेतो आणि तुम्हाला थोडं पुढे खेचतो. मी त्या दिवशी ५५:१२ मारला, पायात विशेष काही नव्हतं. आनंद झाला, बायकोला फोन केला, सगळं केलं. पण त्याच दिवशी फील्डमधल्या अर्ध्या लोकांचे पीबी झाले. सगळ्यांनाच बोनस मिळाला तर आपण काय वेगळं केलं? २०१६ ला बियालोब्लॉकी नावाच्या पोलिश रायडरने त्या व्ही ७१८ वर दहा मैल १६ मिनिटं ३५ सेकंदात मारले, तो मुळातच राक्षस आहे, त्याच्याबद्दल प्रश्नच नाही, पण तोही ते मारायला तोच कोर्स शोधून गेला होता ना.

बरं आता बेरिल बर्टनबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी ज्या भागात रेस करायचो तो तिचा भाग, लीड्सजवळचं मॉर्ली. रुबार्बच्या शेतात मजुरी करायची, पोरगी वाढवायची आणि १९५९ ते १९८३ सलग २५ वर्षं देशातली बेस्ट ऑल-राउंडर, म्हणजे वर्षभरातल्या २५, ५० आणि १०० मैलांच्या सरासरीत बायकांमध्ये पहिली. १९६७ च्या ओटलीच्या बारा तासांच्या रेसमध्ये पुरुष तिच्या आधी सुटलेले, तिने एकेकाला गाठत शेवटी पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनमाराला गाठलं, आणि तोही त्या दिवशी पुरुषांचं रेकॉर्ड मोडत होता. जाता जाता तिने त्याला खिशातली लिकरिशची गोळी दिली आणि पुढे गेली. २७७.२५ मैल. पुरुषांचं रेकॉर्ड तिच्यापेक्षा पाऊण मैलाने कमी राहिलं, तिच्या पुढे जायला पुरुषांना दोन वर्षं लागली आणि बायकांचं रेकॉर्ड मोडायला २०१७, म्हणजे पन्नास वर्षं. मी इथे आलो तेव्हा ही गोष्ट प्रत्येक हॉलमध्ये चहाबरोबर मिळायची.

तर माझ्या अभिमानाच्या यादीत एक दिवस असाही आहे की स्टार्ट शीटवर एकाच पानावर तिचं नाव आणि माझं नाव, माझं स्पेलिंग चुकवलेलं पण माझंच, आणि ती माझ्या तीन मिनिटं मागे. कुठे गाठणार एवढाच प्रश्न होता. टीटीमध्ये मागचा पुढे गेला की त्याच्या मागे चिकटायचं नाही, लांब राहायचं, त्यामुळे तुम्हाला एकदाच काय ते बघायला मिळतं. पाठ एकदम सपाट, खांदे जराही हलत नाहीत, पाय मात्र एखाद्या चांगल्या तेल घातलेल्या मागासारखे. बास, वीस सेकंदात गेली. हरल्याचा अभिमान सांगणारा मी पहिला नाही, यॉर्कशायरमध्ये या वयाचे अर्धे टेस्टर हेच सांगतील.

तिसरी गोष्ट माझी एकट्याची नाही आणि म्हणूनच बहुतेक जास्त जवळची आहे. ओपन इव्हेंटला (सगळ्या क्लबांना खुल्या रेसला) टीम प्राइज असतं, एका क्लबच्या पहिल्या तिघांचे टाइम मिळवायचे, सगळ्यात कमी बेरीज त्यांची टीम. आपल्याकडे टीम टाइम ट्रायल म्हटलं की चौघं एकत्र पळणारे डोळ्यासमोर येतात, ऑलिम्पिकला पूर्वी १०० किलोमीटरची होती तशी, तिच्यातही टाइम तिसऱ्या चाकावर घ्यायचे. इथे मात्र तिघं एकमेकांना दिसतही नाहीत. १९८१ ची १०० मैलांची रेस. आमच्या क्लबात दोन घोडे होते, दोघंही ४ तास ५-१० मिनिटांत मारणारे, तिसरा एक बरा पोरगा होता आणि चौथा मी. रेकॉर्डच्या दृष्टीने आमचे सगळेच टाइम किरकोळ, रे बूटीने १९५६ लाच शंभर मैल ३ तास ५८ मिनिटं २८ सेकंदात मारून चार तासांची भिंत पाडली होती, तीही ट्राय-बार नाही डिस्क नाही अशा काळात.

सत्तरेक मैलांवर तो तिसरा पोरगा रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेला ट्युब्युलर टायर हातात घेऊन बसलेला दिसला. तो ओरडला, तू काउंटर, तू काउंटर! म्हणजे आता तिसरा मोजला जाणार तो मी. त्या क्षणी मी काय हालतीत होतो ते ऐक, पाणी संपलेलं, मांड्यांना गोळे येऊन गेलेले, आणि ऐंशी मैलांवर आमच्या क्लबची गाडी उभी असते तिथे थांबायचं मी ठरवूनच टाकलं होतं. टेस्टर भाषेत त्याला पॅक करणं म्हणतात, त्यात लाज नाही, सगळे कधी ना कधी करतात. त्याच महिन्यात आमच्या मिलने कामगार कमी करायची नोटीस लावलेली, घरी दुसरं मूल पाळण्यात, मन मुळातच रेसमध्ये नव्हतं. पण आता तीन माणसांचं गणित माझ्यावर. गाडीजवळ पोचलो तर दार उघडून ब्लँकेट घेऊन उभे होते, मी हातानेच नको म्हटलं, एक बाटली घेतली आणि गेलो. शेवटचे वीस मैल कसे मारले हे सांगण्यासारखं काही नाही, हळू मारले पण थांबलो नाही. ४ तास २४ मिनिटं आणि काही सेकंद. हॉलमध्ये बोर्डावर बेरीज झाली तेव्हा आम्ही ११ सेकंदांनी पुढे. तीन माणसं, तीनशे मैल आणि ११ सेकंद. पॅक केलं असतं तर बाकीच्या दोघांच्या राइड्स टीमच्या हिशोबात शून्य होत्या. प्राइज म्हणजे तिघांत वाटून एकेक टायर येईल एवढे पैसे. त्या दोघांनी मला खांद्यावर वगैरे घेतलं नाही, यॉर्कशायरची माणसं आहेत ती, एकाने फक्त माझ्या चहात न विचारता दोन चमचे साखर टाकून आणून दिली.

आणि आता बारा तास. १९८४. क्लब रायडरसाठी बारा तासांत २४० मैल हा आकडा असतो, कारण तो म्हणजे बरोब्बर तासाला २० मैल, थांबणं-खाणं-लघवी सगळं धरून. ऐकायला काही नाही, पण दिवसभर करून बघ. दिवसा लांबलांब रस्त्यांवर जायचं-यायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांना दहा-बारा मैलांच्या फिनिशिंग सर्किटवर आणतात. तिथे ठराविक अंतरावर टाइमकीपर बसलेले असतात. तुमचे बारा तास भरले तरी थांबायचं नाही, पुढच्या टाइमकीपरपर्यंत जायचं, मग दोन्ही टाइमकीपरकडच्या वेळांवरून तुमचे बारा तास नेमके कुठे संपले ते काढतात, अगदी मैलाच्या शंभराव्या भागापर्यंत.

माझी हेल्पर माझी बायको. इंग्लिश हेल्पर लोक डब्यातलं राइस पुडिंग आणि पीच द्यायचे, ती म्हणाली हा आपला दूधभातच आहे की, आणि तिने रात्री मऊ भात शिजवून दूध, साखर आणि चिमूटभर मीठ घालून प्लॅस्टिकच्या कपांत भरून आणला. चालत्या सायकलवर कप द्यायचा म्हणजे सोपं नाही, देणाऱ्याने रायडरच्या दिशेने दोन-चार पावलं पळत यायचं असतं आणि कप वरून हलका धरायचा असतो. साडी नेसून ती पळत होती, बुटांत. दुपारपर्यंत अर्ध्या टेस्टरांच्या हेल्परांनी दूधभात खाऊन बघितला होता.

अकरा तास झाले तेव्हा माझे २२१ मैल झाले होते. मला ते माहीत नव्हतं, त्या वेळेला डोक्यात स्वतःचा पत्ताही नीट येत नाही. तिने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर काजळाच्या कांडीने लिहिलं, ‘१९ हवेत’. मराठी आकड्यांत, कारण तिला घाईत तेच सुचलं. मी बघितलं, १९, म्हणजे तासात १९, म्हणजे जमतंय. शेजारच्या क्लबचे लोक त्या पुठ्ठ्याकडे बघतायत, एकाने तिला विचारलंसुद्धा की हा कसला कोड. पुढच्या फेरीला पुठ्ठ्यावर ‘८ हवेत’, आणि तिसऱ्यांदा ती पुठ्ठा खाली टाकून नुसती ओरडत होती, अहो झालं, झालं, पण थांबू नका, पुढच्या साहेबापर्यंत जा! २४१ मैल आणि थोडे. बेरिल बर्टनच्या २७७ पुढे काहीच नाही. पण मला विचारशील तर सगळ्यात भारी राइड हीच. हिच्यात हवा साधी होती, रस्ता साधा होता, सायकल साधी होती, आणि बारा तासांत एकही तास असा गेला नाही की जो पुन्हा मिळाला तर मी वेगळा मारीन.

चाळिशीनंतर व्हेट्रन्समध्ये गेलो. तिथली पद्धत मला फार आवडते, वयाप्रमाणे प्रत्येकाला एक स्टँडर्ड टाइम असतो, तुम्ही त्याच्यापेक्षा जेवढे फास्ट तेवढा तुमचा प्लस, आणि निकाल प्लसवर. वय वाढेल तसं स्टँडर्ड सैल होत जातं. त्यामुळे सत्तरीचा माणूस पंचेचाळिशीच्या माणसाला हरवू शकतो आणि हरवतो, मी दोन्ही बाजूंनी अनुभव घेतलाय. पासष्टीला मी एकदा प्लसवर पूर्ण फील्डमध्ये तिसरा आलो, त्याचं छोटं मेडल किचनमध्ये आहे, बाकीची पेटीत. गुडघ्यामुळे आता रेस बंद, रविवारी लाइनवर सीट धरायला जातो. आधी मला वाटायचं हे काम कुणीही करेल, पण समोरच्याचे दोन्ही पाय अडकलेले असतात, त्याचं सगळं वजन तुमच्या हातात असतं, आणि तो घड्याळाकडे बघत असतो, तुमच्याकडे नाही. काही मुलं मुद्दाम विचारतात आज धरायला कोण आहे. हेही अभिमानाच्या यादीत टाक.

आता तुझे ४० किलोमीटर. तुझ्याकडे पॉवर मीटर (पायाची ताकद मोजणारं यंत्र) आहे म्हणतोस, चांगलंय, पण पहिल्या तीन मिनिटांत त्याच्याकडे बघून स्वतःला मागे धर, नंतर नाही. सुटताना अंगात जो जोर वाटतो तो खोटा असतो. जाताना वारा तोंडावर असेल तर सरासरीपेक्षा थोडं वर मार, चार-पाच टक्के, आणि येताना तेवढं खाली. चढावर तेच. हँडल खाली घ्यायच्या आधी हे बघ की त्या पोझिशनमध्ये तासभर मान वर ठेवता येते का, मान पडली की रस्ता दिसत नाही, आणि आपल्याकडचे रस्ते बघता ते परवडणार नाही. महाग चाकांच्या आधी घट्ट बसणारा स्किनसूट घे, फडफडणारी जर्सी जेवढं खाते तेवढं कुठलं चाक देत नाही.

आणि एक रस्ता धर. एकच, जाऊन-येऊन, पहाटेचा, सिग्नल नसलेला. दर महिन्याला तोच मार आणि वहीत टाइमच्या शेजारी वारा कुठून होता, तापमान किती होतं, आणि त्या दिवशी तुझ्याबरोबरच्या दोघा-तिघांनी किती मारला तेही लिही. नुसता टाइम लिहिलास तर फेब्रुवारीच्या थंडीत वाटेल आपण बिघडलो आणि मे महिन्याच्या उकाड्यात वाटेल आपण सुधारलो. असे चार-सहा महिने झाले की ती वही मला पाठव, टाइम मी शेवटी बघीन, आधी वाऱ्याचा रकाना बघीन.